अन्य (नमूद करा)

एम.एड.च्या वर्गात यंदा अकरा जण.
पहिल्या तासाला मी फळ्यावर काही लिहीत नाही.
खिडकीतून मालवणची जेटी दिसते.
म्हणते, तासभर बघा, आणि दिसलं तेवढंच लिहा.
दहा जणांनी लिहिलं : मच्छीमार समाज कष्टाळू आहे.
इम्तियाज मुजावरने लिहिलं :
एक माणूस, एक जाळं, सतरा गाठी.
मग तो चहाला उठला.

पुढे विषय ठरले, ठरतात तसे :
मागच्या वर्षीचं शीर्षक, तालुका बदलून.
मी रागावले नाही. कोणत्या तोंडाने रागावू?
ग्रंथालयात खालच्या फळीवर
माझाही आहे एक, काळ्या रेक्झिनचा,
सोनेरी अक्षरं उडालेला.

मृणाल चौगलेने गैरहजेरी घेतली.
मुलगी घाटावरची, राधानगरीची.
प्रश्नावली सहा पानी, पर्याय चार :
आजारपण, घरकाम, अभ्यासाची भीती,
अन्य (नमूद करा).
होडीने खाडीपलीकडच्या शाळेत गेली
कागदांना प्लास्टिकची पिशवी बांधून.

परत आली ती दोन दिवस बोलेना.
मग म्हणाली, बाई, मुलं थट्टा करतात.
एकशे सहा मुलं, चौसष्टांचं उत्तर अन्य,
आणि अन्यसमोर एकच शब्द,
पेन्सिलीने, खोडून, पुन्हा गिरवून :
सुकती.
सुकती होती. सुक्ती.
घरात काय वाळत घातलेलं असतं का, बाई?

मला माहीत होतं. सांगितलं नाही.
मार्गदर्शकाला एवढं तरी जमावं,
जीभ दाताखाली धरणं.
म्हटलं, परत जा. प्रश्नावली इथे ठेव.
परवानगी मात्र पुन्हा घे,
मुख्याध्यापकांची आहेच, त्या पोरींचीही घे.

उत्तरदाता क्रमांक तेवीस
(नाव लिहिणार नाही, तेही मीच शिकवलंय)
हिला घेऊन खाडीत उतरली.
पाणी ओसरून उघडी पडलेली रेती,
आया, मावश्या, शाळेच्या युनिफॉर्ममधल्या चौघी,
टोपल्यांत खुबे.
तेवीसने विचारलं, आज तिथ काय?
मृणालला येईना.
''तिथीची पावणपट कर, तेवढ्यार भरती.
थयसून सा तासांनी सुकती.
ह्यां शिकवणत नाय तुमच्या कॉलेजात?''

त्या रात्री मृणालने
हजेरीपटाशेजारी भिंतीवरचं कॅलेंडर ठेवलं.
पंचमी, षष्ठी, सप्तमी,
शुद्ध आणि वद्य, दोन्हीकडे
फुल्याच फुल्या.
त्या दिवशी सुकती दहा-अकराची,
प्रार्थनेच्या घंटेला अगदी गाठून.

सकाळी धावत आली. सापडलं, बाई!
मी विचारलं, कोणाला सापडलं?
जे त्यांना ठाऊकच होतं
ते तुला उशिरा कळलं. तळटीप कोणाच्या नावाने देशील?
ती म्हणाली, नाव तर लिहायचं नाही म्हणता.
यावर आमचं अजून एकमत नाही.
सारांशाचं पान तेवढ्यासाठी कोरं आहे.

संध्याकाळी एकटी ग्रंथालयात गेले.
रेक्झिन उघडलं, पान एकशे बारा.
माझ्याच टाइपरायटरचं, तुटक्या 'र'चं वाक्य :
अन्य, अठरा टक्के. नगण्य मानून वगळले.
देवगड तालुका, दोनशे अठ्ठावीस मुलं.
अठरा टक्के म्हणजे एकेचाळीस.
एकेचाळिसांनी काय नमूद केलं होतं
आठवत नाही. कागद बंबात गेले
पदवी मिळाली त्या पावसाळ्यात.

उद्या पंचमी.
मृणालने विचारलंय, नऊच्या होडीला येता का?
वही नको म्हणाली, चप्पलही नको.
खुबे डोळ्यांना दिसत नाहीत, बाई,
तळपायाला लागतात.