साठ अक्षरं

बोहरी आळीत मुर्तझाभाईंच्या दुकानात
लोंबत्या साखळ्यांखाली
लॅपटॉप उघडून बसले.
"टायटल साठ अक्षरांचं. वेलांटीसुद्धा मोजतात."
त्यांना लगेच पटलं.
मापात राहायची सवय.

मी लिहिलं: पुण्यातील सर्वोत्तम तराजू दुरुस्ती.
"सर्वोत्तम काढा," म्हणाले,
"तेवढं वजन नाही माझ्याकडे."

मग कीवर्ड. लोक शोधतात 'वजन काटा रीपेर',
ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीसकट.
"राहू द्या की. गिऱ्हाईक ज्या नावानं हाक मारेल
त्या नावाला ओ द्यायची."

वर्णनाला दीडशे अक्षरं मिळतात.
त्यांनी बराच विचार करून सांगितलं:
शुक्रवारी दुपारी बंद.
बस्स.

टेबलावर नुकताच जुळवलेला काटा
डुलत होता अजून.
तो थांबेपर्यंत मी थांबले
आणि सेव्ह केलं.