साडेचारची बाटली

काचेची बाटली चालत नाही,
फ्लोराइड काच खातं,
हे सांगायला गेले तर कोठेकर हसले.
रबाळ्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
अ‍ॅसिडनं काचेवर मोगरा उमटवला त्यांनी.
मला सांगता होय, म्हणाले,
आणि प्लास्टिकच्या आठ बाटल्या
भाजीच्या पिशवीत घालून कोपरखैरण्याला गेले.

दुसऱ्या दिवशी तुर्भ्याच्या लॅबमध्ये
आठही ओळीनं. झाकणावर त्यांचं अक्षर,
वेळ, तारीख, एकीवर उगाच ‘नमस्कार’.
मी इलेक्ट्रोड बुडवते, आकडा थांबायची वाट बघते.
सकाळच्या चहानंतर चढ.
दुपारी जरा रेंगाळलेला.
संध्याकाळी पुन्हा चहा, पुन्हा चढ.
रात्री अकराला उतार, शहाण्यासारखा,
रक्तातून मूत्रपिंडात, तिथून बाहेर.

मग साडेचारची बाटली.
पहाटेचा आकडा सगळ्यात खाली हवा.
इलेक्ट्रोड धुतला, टिपला, परत बुडवला.
प्रमाण द्रावणं तपासली. तेच.
फॉर्मवर: रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही घेतलं?
नाही.
त्या ‘नाही’खाली दोन रेघा.

फोन केला. आधी म्हणाले, छे, पाणीच.
मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग: अहो, ती तीनला निघते ना,
मार्केटला, मिरची निवडायला.
गाड्या तेव्हाच लागतात.
तिच्यापुढे एकटा कप कसा ठेवायचा?
कपभरच घेतला. म्हणजे, दीड.
तिच्या कानावर घालू नका,
तिनंच बजावलं होतं, आज पिऊ नका म्हणून.
मी म्हटलं, कालचा उरलाय, थंड आहे, चालतो.

पेन्सिलीनं लिहून ठेवलं: दोन चाळीस, चहा, दीड कप.
आलेखावरचा उंचवटा तसाच राहू दिला.

हाडांचं मी काढलं नाही. ते डॉक्टर बोलतील.
निम्मंशिम्मं बाहेर जातं,
बरंचसं हाडात जाऊन बसतं,
तिथे पाळ्या बदलत नाहीत,
उतरायला वर्षं लागतात.
सव्वीस वर्षांचा मोगरा असेल तिथे,
आणि त्याच्यातच मुरलेले,
मशीनला वेगळे काढता न येणारे
तीनच्या आधीचे ते सगळे कप.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं,
पुढच्या बुधवारी पण साडेचार?
हो.
आणि चहा?
घ्या, म्हटलं.
फक्त लिहा.