शेरा

आरे कॉलनी. युनिट नंबर कागदावर खोडून पुन्हा लिहिलाय.
मी आलोय मोजायला.
बत्तीस वर्षं हेच करतोय. टेबलं, पंखे, एक्स-रे मशीन,
एकदा तर बंद पडलेल्या वसतिगृहातल्या एकशे चार बादल्या.
वस्तू असते, नाहीतर नसते.
असली तर बरोबरची खूण,
नसली तर आक्षेप.

यादीतला पहिला नग:
डबे, स्टीलचे, रिकामे, बारा. दर अकरा हजार.
मॅडम, रिकामे डबे अकरा हजारांना?
नीलाक्षी तांडेल, पायात गमबूट, कडेवर वैरणीचं घमेलं.
"रिकामेच हवे होते," म्हणाली.
"आत हवासुद्धा नको. इतकं रिकामं स्वस्तात मिळत नाही, साहेब."
लिहिलं: खुलासा प्राप्त.

डबा म्हशीच्या गळ्यात, त्यातून बारीक नळी नाकपुडीशी.
ती दिवसभर रवंथ करते, ढेकर देते,
डबा कणाकणानं तिचा श्वास पीत राहतो.
म्हशींना नंबर दिलेत. इद्रीसभाई नंबर मानत नाहीत.
चार नंबर म्हणजे बिजली, नऊ म्हणजे बडी बी.
वास येतो तो शेणाचा, आंबोणाचा.
ज्याच्यासाठी सरकारनं सात लाख चाळीस हजार मोजले
त्याला वास नाही, रंग नाही,
पत्र्याच्या फटीतून निघून
तो गोरेगाववरून वर वर जातो
आणि खाली आम्ही म्हणतो, हल्ली डिसेंबरातही पंखा लागतो.

पुढचं. शेवाळ, समुद्री, लाल. पावती?
तिनं बर्फाच्या कारखान्याचं बिल दिलं. उलटं करून.
मागे पेन्सिलीनं: चार टोपल्या, ओलं. ३६० रुपये. जयवंती.
"आत्या माझी, मढची. पाणी ओसरलं की खडकावरून खरवडून आणते.
जीएसटी नंबर नाही तिला."

हे वाळवून मूठभर पेंडीत कालवायचं,
मग ढेकरातला तो वायू कमी होतो, असं ती म्हणते.
किती कमी, किती दिवस, दुधाला काही होतं का,
ते दुसऱ्या हप्त्यात कळणार होतं.
दुसरा हप्ता माझ्या शेजारच्या टेबलावर पडून आहे,
पहिल्याचं प्रमाणपत्र नाही म्हणून.
प्रमाणपत्र नाही, कारण तपासणी नाही.
तपासणी मी करायची होती. नोव्हेंबरात.
आज एकोणतीस मार्च.

चहा आला, याच गोठ्यातल्या दुधाचा.
पेनाला टोपण लावून विचारलं, खाजगीत:
बारा म्हशींनी काय होणार हो?
"काहीच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर कंपनी पैसे देत नाही.
विकायचं काय? न सुटलेला वायू?
तो सगळ्यांचा. म्हणून सगळ्यांच्या पैशातून मागितले."

न सुटलेला वायू.
माझ्या नोंदवहीत रकाने आहेत:
खरेदी, मोडीत, चोरीस, वाळवी.
जे घडलंच नाही
ते कुठल्या रकान्यात भरू,
हे बत्तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात बिजलीनं मान झटकली, नळी सरकली.
इद्रीसभाई पाण्यावर गेलेले, नीलाक्षी फोनवर.
मीच उठलो. चष्मा खिशात टाकला,
नळी पुन्हा नाकपुडीशी धरली.
बोटांवर ऊन, ओला श्वास.
एक. दोन. सवयीनं मोजत राहिलो,
एकवीसपर्यंत.

शेवाळाचा आक्षेप ठेवलाय. तीनशे साठ रुपये.
नियम तो नियम, आत्या कोणाची का असेना.

बाकी शेरा:
डबे बारा, प्रत्यक्ष पाहिले.
रिकामे नाहीत.