गव्हाभर पुढं, तांदळाभर मागं

रात्री दीडला सीपीआरमधून फोन आला:
मॅडम, कॅरीबॅग आहे, आत छत्र्या आहेत,
कुठल्या ते तुम्हीच येऊन सांगा.
मी स्कूटी काढली.
बिंदू चौकात एक कुत्रं तेवढं जागं होतं.

अपघात विभागात सम्मेद मगदूम,
बीएस्सी दुसरं वर्ष, माझ्याच वर्गातला,
भिंतीकडं तोंड करून टाइल्स मोजत होता.
डोळ्यांत काळं तेवढं उरलेलं.
टाइल्स श्वास घेत होत्या म्हणे,
मोजताना एक जरी चुकली
तर सगळ्या दवाखान्याचा दम तुटेल.

बाकावर वाहिद शिकलगार. मुठीत शर्टाची दोन बटणं.
"मसाईच्या पठारावर गेलतो, मॅडम.
म्हशीच्या शेणात उगवल्यात्या.
ह्यो म्हणला, चार-पाच तासांचा तर खेळ.
मी खाल्लं न्हाई.
कुणीतरी गाडी चालवाय पायजे की."

पिशवी उघडली. भिंग लावलं.
एक ओळखली. दुसरी ओळखली.
तिसरीकडं बघून पोटात गोळा आला.
दांडा चेपला की निळा पडतो, पोरांना एवढंच ठाऊक.
निळं म्हणजे ओळख नव्हे रे.
एकाच ओलीत, हातभर अंतरावर
आभाळ उघडणारी उगवते
आणि चार दिवसांनी यकृत मागायला येणारीही.

डॉक्टर नेर्लेकर म्हणाल्या, रक्त पाठवलंय, वाट बघू.

घरी चातुर्मास. आजी बटाटासुद्धा खात नाही,
मातीखालच्या जिवाला धक्का नको म्हणून.
तिला काय सांगायचं, या विचारात
आई दाराशीच थांबलेली.
मग तिनं मला कोपऱ्यात ओढलं
आणि वीस वर्षं झाकलेलं सांगितलं:
याचा मामा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात होता. चार वर्षं.
त्यानं तर काही खाल्लंही नव्हतं.
हे याला माहीत आहे का, मी विचारलं.
ती पदराचं टोक पिळत राहिली.

रंकाळ्याचा नंदी, म्हणतात,
रोज गव्हाभर पुढं सरकतो, तांदळाभर मागं.
पाण्याशी पोचला की जग बुडालं.
सम्मेदला तो चालताना दिसला,
गव्हाभर नव्हे, ढांगा टाकत.
फरशी मऊ झाली, पाणी घट्ट झालं,
आणि कुणीतरी त्याला अशा नावानं हाक मारली
जे फक्त वारलेले आजोबा घ्यायचे.
तो निघाला.
तिसऱ्या पायरीला वाहिदनं शर्ट धरला.

खोटं कशाला लिहू.
त्याआधीचे दोन तास फार सुंदर होते, हेही तो बोलला.
गवताचं पातं न् पातं त्याला ओळखत होतं.
वडिलांवरचा राग त्यानं
देवळाबाहेर चप्पल काढावी तसा काढून ठेवला.
सांगताना तो हसला,
आणि मला, का कोण जाणे, त्याचा थोडा हेवा वाटला.

तिसरी त्यानं खाल्ली नव्हती.
का नाही, हे त्यालाही सांगता येईना.
पहाटे गंगावेशीत म्हशी पिळायला उभ्या राहिल्या असतील,
तेव्हा त्याला झोप लागली.

दिवाळीनंतर तो प्रॅक्टिकलला आला.
सूक्ष्मदर्शकाशी बसेना.
बारीक गोष्टी अजून हलतात, म्हणाला.
मामाचं आईनं सांगितलं होतं,
आता तो स्वतःच्या प्रत्येक विचाराकडं
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखं बघतो.
जाताना दारात थबकला:
"मॅडम, जे दिसलं ते खोटं होतं का?"

मला उत्तर आलं नाही.
पुढची बॅच बाहेर उभी होती, मी स्लाइड्स पुसत राहिले.

रविवारी सकाळी रंकाळ्यावर गेले.
नंदीच्या पाठीवर हात ठेवला. गार दगड.
बराच वेळ ठेवला.
तो हलला नाही.
किंवा तेवढं बारीक मला कळत नाही.