वरचा एक

ग्रिम्सबी. फ्रीमन स्ट्रीटवर शुभेच्छापत्रांचं दुकान,
त्याच्या पोटात पोस्टाच्या दोन खिडक्या.
एक कायम बंद,
दुसरीत मी.

मंगळवारी ती आली. झोरियाना.
आडनाव मला अजून धड म्हणता येत नाही.
बरोबर सातेक वर्षांचा मुलगा,
अंगात दुसऱ्याच कुठल्या शाळेचा स्वेटर.
कौन्सिलचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवीला गाठ, गाठीला आणखी एक गाठ.
पत्रावरचा बारकोड म्हणाला: दोनशे पौंड. एकदाच.

पासपोर्टातली बाई गुबगुबीत, कानांत डूल.
मी फोटो बघितला, तिला बघितलं,
नियमाप्रमाणे पुन्हा फोटो.
"तीच," ती म्हणाली. "आधीची."

विसाच्या दहा नोटा.
नव्या नोटा एकमेकींना सोडत नाहीत,
म्हणून एकेक वाजवून ठेवायची.
मोजते मी अजून मराठीतच.
आठ, नऊ, दहा
आणि हात अडला.

दोनशे. सपाट.
आमच्याकडे असं कुणी कुणाच्या हातावर ठेवत नाही.
इचलकरंजीत मांडवाच्या दाराशी बसून
काका आहेराची वही लिहायचे,
अमुक यांजकडून एकावन्न, तमुक यांजकडून एकशे एक.
कुणी एकदा नुसतेच पन्नास दिले,
तर काकांनी खिशातला रुपया वर टाकला
आणि लिहिला त्या माणसाच्याच नावावर.
शून्य आतून कडी लावून घेतं, म्हणायचे.

इथे कुणाच्या नावावर लिहायचं?
"यांजकडून"च्या जागी पत्रात एक फोन नंबर,
दहा ते चार, आणि तेव्हाही लागत नाही.

पर्समधून एक पौंडाचं नाणं काढलं
(माझ्याच. गल्ल्यावर कॅमेरा असतो),
नोटांवर ठेवून काचेखालून सरकवलं.
तिनं मोजलंही नाही तेव्हा.

बुधवारी परत आली. रांगेत उभी राहिली, चार माणसांमागे.
काचेखालून नाणं माझ्याकडे आलं.
"तुझी चूक झाली. एक जास्त.
माफ कर, काल वापरलं,
लिडलची ट्रॉली सुटते त्यानं.
ट्रॉली परत लावली, नाणं बाहेर आलं.
म्हणून आणलं."

आता हे कसं सांगायचं,
माझ्या इंग्रजीतून तिच्या इंग्रजीत,
मध्ये जाड काच,
मागे मिस्टर ब्लेन्किन मुद्दाम खोकताहेत.
म्हटलं, चूक नाही. माझ्या गावी शून्यावर थांबत नाहीत.
पुढे चालू राहावं, म्हणून वर एक.

ती बघत राहिली.
"फुलं," म्हणाली. "आमच्यात सम संख्येनं फुलं
फक्त…" शब्द सापडेना.
मुलानं दिला. शाळेत शिकवलेला नसणार तो.
"मेलेल्यांना."

"सहा नेली होती मी," ती म्हणाली,
नाण्याची दुरंगी कड नखानं तपासत.
कुणाला, ते मी विचारलं नाही.
दोनशे हा आकडाही सम आहे
हे दोघींना एकदमच सुचलं असावं.
दोघीही गप्प.

मग न विचारता तिनं हिशेब द्यायला घेतला,
जणू मीच दिले होते:
याचे बूट चौतीस, सिमकार्ड बारा,
बसचा पास पंचवीस, लिडल एक्केचाळीस,
आईच्या गुडघ्याचा पट्टा चोवीस.
मला म्हणायचं होतं, बाई, माझा त्यातला एकच,
आणि एकाचा हिशेब कुणी मागत नाही.
पण ती बोटं दुमडत होती,
मधेच थांबवणं बरं दिसलं नसतं.

"उरले चौसष्ट," तिनं मूठ मिटली.

"पासष्ट," मुलगा म्हणाला.

मिस्टर ब्लेन्किन पुढे आले. सेकंड क्लासची सहा तिकिटं हवी होती.