मीटरमधली चांदणी

पाण्याचं बिल कन्नडमधून येतं.
आकडा तेवढा माझ्या ओळखीचा:
एक हजार आठशे चाळीस.
सुनेनं, गोकाकची ती, दोनदा वाचून सांगितलं,
"अत्ती, एवढं आपणच वापरलंय म्हणत्यात."

आम्ही पाचजण, त्यात एक अडीच वर्षांचा.
हत्ती पाळलाय काय आम्ही?

रात्री सगळे नळ आवळले.
मोरीतला, मागचा, टाकीचा कॉक.
बॅटरी घेऊन मीटरच्या पेटीशी उकिडवी बसले,
काचेवरचा चिखल पदरानं पुसला.
आत एक लाल चांदणी असते,
तुरीच्या डाळीएवढी,
पाणी जाताना फिरते.
घर झोपलेलं,
आणि ती फिरत होती.

मग मी मागंच लागले.
संडासाच्या टाकीत हळद कालवली,
सकाळपर्यंत भांडं पांढरंच.
भिंतींना हात लावून पाहिला,
तापातल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
घागरीखालची ओल घागरीचीच निघाली.

कान लावावा, तर वडगावात ऐकू काय येणार?
उजवीकडं चार माग, डावीकडं तीन,
आमचे दोन तर घरातच.
खडाकखट खडाकखट.
इथं नवराबायको भांडतात तेसुद्धा खुणेनं.

दस्तगीर प्लंबर आला.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फरशीला, मूठ कानाला.
"माग बंद करा की."
आमचे केले. शेजारचे कोण करणार?
साडी उतरली तर मजुरी.
"मग मंगळवारी येतो," म्हणाला,
"मंगळवारी करंट काढणार हाईत."

मंगळवारी साडेदहाला करंट गेला
आणि अख्खी गल्ली अशी गप्प झाली
की माझ्याच बांगड्यांची मला लाज वाटली.
दस्तगीरनं ओठावर बोट ठेवलं:
"सुम्म इर्री."
पोरगंही सुम्म.
स्वयंपाकघर, नाही.
देव्हाऱ्याखाली, नाही.
दोन नंबरच्या मागापाशी तो थांबला,
थांबूनच राहिला,
मग मूठ माझ्या कानाला दिली.

तापल्या तव्यावर आंबोळी पसरताना
चर्र होतं ना, तसं,
फक्त न थांबणारं.

चार फरश्या निघाल्या.
खाली सासऱ्यांच्या हातमागाचा खड्डा,
ते पाय सोडून बसायचे तो,
बुजवलेला, भुसभुशीत, पाणी प्यायला बरा.
त्यातून गेलेला लोखंडी पाईप
आणि पाईपला सुईच्या नेढ्याएवढं भोक.

आमचे हे वाकून बघत राहिले.
चार हजार धाग्यांतला तुटलेला एक
नुसत्या बोटांनी हुडकणारा माणूस.
दिवसाचे बारा तास त्याच फरशीवर उभा.
"मला कसं कळलं नाही," म्हणाले.
जेवताना परत म्हणाले.

दस्तगीरनं तुकडा कापला, नवा बसवला,
पाचशे घेतले, चहा दोनदा.
गंजका तुकडा पोरानं खेळायला नेला,
भोकातून सगळ्यांकडं बघत फिरला दिवसभर.

पाणी जात कुठं होतं
ते आठवड्यानं कळलं.
भिंतीपलीकडनं नीलव्वाची हाक:
"अक्का, आमच्या अळूला काय झालंय हो?
मान टाकायलंय सगळं."

तिचं अळू. भर मेमध्ये सुपाएवढी पानं.
आम्ही म्हणायचो, हाताला गुण हाय तुझ्या.
ती वड्या करायची, ताट भरून धाडायची,
आम्ही ताट रिकामं कसं द्यायचं म्हणून
वर मूठभर साखर ठेवून परत करायचो.

म्हणजे एक हजार आठशे चाळीस रुपये
आम्हीच खाल्ले होते,
तिळाची फोडणी घालून.

तिला अजून सांगितलं नाही.
काय सांगणार?

रात्री परत पेटीशी गेले.
चांदणी उभी होती.
बराच वेळ बघितलं, उभीच.
मग मागचा नळ सोडून बादली भरली
आणि भिंतीवरनं वाकून
अळूच्या बुडाशी ओतली, आवाज न करता.

पेटीत ती फिरली असणार.
फिरू दे.
एक बादली. मी मोजलीय.