थारा

नकाशावर झारागोझा.
बसमधून उतरले तर सगळ्यांच्या जिभा दातांत,
आणि शहर म्हणे, थारागोथा.
बरं झालं, म्हटलं, अर्ध्या नावापुरती तरी
आपली सोय झाली.

मग वारा आला.
त्याचंही नाव थ-नेच सुरू होतं, थिएर्थो,
आणि पहिल्याच वळणावर त्याने
माझ्या प्रवेशपत्राची झेरॉक्स
एब्रो नदीला देऊन टाकली.

खोली देलिथियासमध्ये, चौथा मजला, लिफ्ट नाही.
मालकीण दोन्या ओरोसिया, वय सत्तरच्या पुढे,
सकाळी उभ्यानेच खाते
थंडगार बटाट्याचं आमलेट, कॉफीत बुडवल्यासारखं तोंड करून.
तिने नाव विचारलं. केतकी गुळवणी.
“गुलबानी,” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, मन लावून.
ळ तिच्या जिभेला सापडेना, व कुठे वाटेत ब झाला.
गूळ गेला, पाणी उरलं.
मी मान डोलावली.

फेर्मीनच्या दुकानात काही शब्द
दूरच्या लग्नात भेटणाऱ्या नातेवाइकांसारखे:
चेहरा ओळखीचा, नातं सांगता येत नाही.
पाताता म्हणजे बटाटा. खाबोन म्हणजे साबणच, घसा खरवडून आलेला.
मी पिशवी पुढे केली. तो म्हणाला, “पागार?”
पगार कुठला बाबा,
शिष्यवृत्तीसुद्धा अजून अडकलीय,
असं मी चक्क मराठीत म्हणाले.
तो थांबला. मग यंत्राकडे बोट दाखवलं.
पैसे द्यायचे होते.

पशुवैद्यकाच्या वर्गात
प्लीहेला बाथो म्हणतात हे पहिल्याच आठवड्यात आलं;
टॉवेलला काय म्हणतात ते अजून नाही.
ओले केस घेऊन दोन्या ओरोसियासमोर
मी हवा पुसून दाखवली.
गोठ्यात गेलो तेव्हा मात्र
एका मेंढीचं सगळं समजलं. पहिल्या झटक्यात. उच्चारासकट.

संध्याकाळी सातला आईचा फोन, तिकडे साडेदहा.
“जेवलीस?”
“जेवले.”
पाव, ऑलिव्ह, एक टोमॅटो.
खोटं नव्हतं, फक्त लहान होतं.

कारण पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती,
“थेनामोस आ लास नुएबे इ मेदिया.”
शब्दकोश उघडला: रात्री साडेनऊला जेवतो.
कोण जेवतो?
त्यांचं “आम्ही” क्रियापदाच्या शेपटीत असतं, दिसत नाही,
आणि दिसलं तरी एकच असतं.
माझ्याकडे दोन आहेत, बोलायला लागले तेव्हापासूनचे.
आम्ही, ज्याला दार आहे.
आपण, ज्याला नाही.
मी आम्ही ऐकलं.
आम्ही म्हणजे ती, भिंतीवरचा तिचा नवरा, आणि टीव्ही.
म्हणून साडेनऊ वाजले की मी दार लावून घ्यायची,
मध्ये मध्ये नको म्हणून.
फटीतून लसणाचा वास यायचा,
एक खुर्ची सरकायची, मग बराच वेळ
काहीच सरकायचं नाही.

अकराव्या रात्री दार वाजलं.
कमरेला ॲप्रन, हातात झारा,
आणि तोंडातून इतक्या वेगाने स्पॅनिश
की मला चारच शब्द पकडता आले:
अकरा. ताट. थंड. का.

स्वयंपाकघरात दोन ताटं होती.
एकावर दुसरं पालथं घातलेलं,
त्याखाली आमलेट, अजून वाफ धरून.
तिने बोटं मोजून दाखवली, दहा संपली
तेव्हा पुन्हा अंगठा.

मला सांगायचं होतं, बाई, चूक तुझी नाही, माझीही नाही,
एका सर्वनामाची आहे.
पण सर्वनामाला काय म्हणतात ते कुठे येत होतं.
मी खुर्ची ओढली.
मीठ कमी होतं. मी तसंच खाल्लं, दोनदा मागून.
खिडकीच्या चौकटीशी वारा झटत होता;
तिने फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबली
आणि समोर बसून माझ्या ताटाकडे बघत राहिली,
परीक्षकासारखी.

उद्या सकाळी तिला नाश्त्याला
दुसरं काहीतरी शोधावं लागेल.